बॉयलर मोजता, मग माणूस का मोजत नाही?

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र योजनेतून वस्त्रोद्योग पार्क उभारले जाणार आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. सुमारे एक हजार एकरांचा हा पसारा आहे. सूत, कापड आणि तयार कपडा हे सर्व एकाच ठिकाणी होणार, अत्याधुनिक यंत्रे येणार आणि हजारो हातांना काम मिळणार, असे सांगितले जात आहे. मानोरा, कारंजा, दारव्हा, दिग्रस या आमच्या कापसाच्या पट्ट्यासाठी ही बातमी महत्त्वाची आहे. विदर्भाचा कापूस विदर्भातच विणला जावा, ही मागणी काही आजची नाही. तेव्हा या प्रकल्पाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु 'अत्याधुनिक यंत्र' या शब्दाने आपल्या समाजाने भारावून जाऊ नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. यंत्र सुधारते तेव्हा त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. कारण तो माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असणार आहे.

या लेखात आम्ही एकाच यंत्राचा विचार करणार आहोत. ते यंत्र म्हणजे सायझिंगचे, सुताला खळ देणारे यंत्र. कापडात उभा धागा असतो त्याला ताणा म्हणतात आणि आडवा असतो त्याला बाणा. मागावर सगळा मार ताण्याला बसतो. फणी त्याला घासते, ताण त्याला ओढतो आणि धोटा त्याच्यामधून सतत ये-जा करतो. कच्चे सूत हा मार सोसत नाही, त्याचे तंतू पिंजतात आणि धागा तुटतो. धागा तुटला की माग थांबतो. म्हणून विणण्यापूर्वी ताण्याला स्टार्चची गरम खळ पाजून, पिळून, वाळवून मगच बीमवर गुंडाळतात. कापड विकत घेणाऱ्याला यातले काही दिसत नाही. कारण पुढे कापड धुताना ही खळ काढूनच टाकली जाते. पण इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या (आपल्या वाशिम जिल्ह्यातले मालेगाव नव्हे, नाशिक जिल्ह्यातले) कोणत्याही मागवाल्याला विचारा. तो सांगेल की सायझिंग बिघडले तर पुढचे सगळे बिघडले.

हे काम आपल्याला नवीन नाही. जुने विणकर याला पांजणी म्हणत. गावाबाहेर काठ्या रोवून ताणा पसरायचा आणि कुंच्याने त्याच्यावर खळ फिरवायची. ऊन चढण्यापूर्वी हे काम संपवावे लागे. कोष्टी समाज हे काम करीत होताच. परंतु नागपूर-विदर्भात महार समाजही मोठ्या प्रमाणावर जाडेभरडे कापड विणत असे, हे आज आपल्या तरुणांना ठाऊक नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या जातींच्या नोंदींतही विणकाम हा मध्य प्रांतातील महारांचा धंदा म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे ज्यांना 'तुम्हाला कसब नाही' असे पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले, त्यांच्याच आजा-पणजांच्या हातात कापड विणण्याचे पूर्ण कसब होते. गिरणीच्या कापडाने ते कसब मोडून काढले.

ते गिरणीचे कापड कसे आले, हेही पाहू. इंग्लंडमध्ये यंत्रमाग निघाला तेव्हा त्याच्यापुढे मोठी अडचण होती ती खळीचीच. विणकराला थोडे विणून झाले की माग थांबवून पुढच्या ताण्याला खळ लावावी लागे आणि ती वाळेपर्यंत थांबावे लागे. मग यंत्राचा उपयोग काय? १८०३ च्या सुमारास स्टॉकपोर्ट येथील विल्यम रॅडक्लिफ या कारखानदाराने खळ देण्याचे स्वतंत्र यंत्र तयार करून घेतले. ते ज्याच्या डोक्यातून निघाले तो थॉमस जॉन्सन हा साधा विणकर होता आणि पेटंटही त्याच्याच नावावर निघाले. पुढे १८५३ साली लँकेशायरमध्ये जेम्स बुलो आणि त्याच्या साथीदारांनी 'स्लॅशर' नावाचे यंत्र काढले. हा बुलोही मुळात हातमागावरचाच माणूस. गरम खळीची पेटी, पिळणारे रोलर, वाफेने तापलेले सिलिंडर आणि शेवटी बीम, ही जी मांडणी तेव्हा बसली तीच आजच्या सायझिंगमध्येही आहे. कामगाराला अक्कल नसते, अक्कल फक्त मालकाला असते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

पण त्या यंत्राने पुढे काय केले? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरचा कापूस तुटला. तेव्हा तेथे हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस वापरावा लागला आणि तो टिकवण्यासाठी खळीचा मारा वाढला. पुढे टंचाई संपली तरी खळ कमी झाली नाही. उलट खळीत चिनी माती मिसळून कापडाचे वजन वाढवण्याचा धंदाच सुरू झाला. काही मालात सुताच्या वजनाइतकी खळ आणि माती असे. हा माल मुख्यतः पूर्वेकडच्या बाजारांत, म्हणजे आपल्याकडेच खपवला जाई. आमच्या वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे परदेशी जायचा आणि तिकडचे कापड मातीने जड होऊन परत यायचे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे कारंजा-दारव्ह्यावरून धावायची, ती घातली होती कापसासाठीच. शेतकऱ्याचा कापूस हलका मोजला गेला आणि गिऱ्हाईकाला माती कापड म्हणून विकली गेली. यंत्र सुधारले होते, व्यवहार सुधारला नव्हता.

त्या मातीची धूळ आणि धागा तुटू नये म्हणून शेडमध्ये सोडलेली वाफ यांनी लँकेशायरचे विणकरही हैराण झाले. त्यांनी तक्रारी केल्या, वैद्यकीय चौकशा झाल्या आणि १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कापड कारखान्यांतील कृत्रिम दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा केला. या कायद्यातली एक गोष्ट आम्हाला वकील म्हणून फार महत्त्वाची वाटते. तो कायदा शेडमध्ये थर्मामीटर लावून हवेतली वाफ मोजत होता. धोका जिथे आहे तिथे माप लावायचे, हे त्यामागचे तत्त्व होते. हे तत्त्व वाचकांनी लक्षात ठेवावे. आम्ही पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आता मुंबईकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश होता, पण विणाई खात्यात नव्हता. विणाई खात्यात मजुरी जास्त होती आणि तेथेच त्यांना बंदी होती. कारण काय सांगितले जाई? धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसे लावणार? म्हणजे ज्या समाजाने विदर्भात शतकानुशतके स्वतःच्या हाताने कापड विणले, त्या समाजाच्या माणसाला मुंबईत मागाजवळ उभे राहण्याची मनाई. त्याने खालच्या पगाराच्या खात्यांत राबावे, असा हा न्याय होता.

येथे यंत्र सुधारण्याचा प्रश्न किती सामाजिक आहे हे स्पष्ट दिसते. तोंडाने धागा ओढणे ही काही निसर्गाची आज्ञा नव्हती. हाताने धागा ओवता येईल असे धोटे बनवता येत होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तोंडाने धागा ओढण्याच्या धोट्यांवर बंदी घातली. तेथे कारण होते रोगाचा फैलाव. आपल्याकडे मात्र तोच धोटा चालू राहिला आणि त्याच्या आडून विटाळही चालू राहिला. धोटा बदलण्याचा खर्च मालकाला नको होता आणि विटाळ सोडण्याची तयारी सवर्ण कामगाराची नव्हती. एकाचा नफा आणि दुसऱ्याची जात यांची अशी युती झाली. किंमत मात्र अस्पृश्य कामगाराने मोजली.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. तो संप गिरण्यांतील नव्या कार्यपद्धतीविरुद्ध होता. एका कामगाराने जास्त माग आणि जास्त चात्या सांभाळाव्यात, असा मालकांचा आग्रह होता. म्हणजे तेव्हाही भांडण होते ते कमी माणसांत जास्त काम कसे काढायचे याचेच. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारले की, अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे की नाही? हा हक्क मान्य करणार नसाल तर अस्पृश्य कामगारांना संपात सामील न होण्याचा सल्ला आपण देऊ, अशी भूमिका त्यांनी घेतली. तेव्हा कुठे नाखुशीने का होईना, ती मागणी संपाच्या मागण्यांत आली. समतेच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांना ती आपणहून सुचली नव्हती, ही वस्तुस्थिती आहे.

याचा अर्थ बाबासाहेब यंत्राच्या विरोधात होते असा कोणी काढू नये. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांवर त्यांनी कठोर टीका केली आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंत्राने होणाऱ्या अनर्थाचा दोष यंत्राचा नसून ज्या समाजव्यवस्थेत यंत्राचा सगळा लाभ थोड्यांच्या हातात जातो त्या व्यवस्थेचा आहे, ही त्यांची मांडणी होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंट्यांच्या काळ्या विधेयकाविरुद्ध संपाचे नेतृत्वही केले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनीच फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती आणून १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच १९४६ मध्ये मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. यंत्र हवे, पण त्याच्याबरोबर कायदा हवा आणि कायद्यामागे संघटना हवी, ही आपली परंपरा आहे.

या परंपरेच्या कसोटीवर आजचे सायझिंग तपासून पाहू. गेल्या काही दशकांत हे यंत्र खूप सुधारले आहे, यात शंका नाही. पूर्वी रोलरचा दाब कमी असल्यामुळे सुतात त्याच्या वजनाहूनही जास्त ओली खळ राहायची आणि ती वाळवण्यासाठी भरपूर वाफ जाळावी लागायची. आता जास्त दाबाचे रोलर आले. खळ दाट ठेवता येते, पाणी कमी राहते आणि वाफ वाचते. काही यंत्रांत सूत आधी गरम पाण्यातून काढून भिजवतात. त्यामुळे धाग्यावरची चिकट द्रव्ये धुतली जातात, खळ वरच्या थरावर नीट बसते आणि ती लागतेही कमी. पहिल्या सिलिंडरांना टेफ्लॉनचा लेप असतो, म्हणून ओले सूत चिकटत नाही. ताण किती, ओलावा किती, खळीचे तापमान किती हे यंत्र स्वतःच दाखवते आणि सांभाळते. खळ शिजवण्याचे काम पूर्वी माणूस वाफेवर वाकून करायचा, आता बंद भांड्यात आपोआप होते. साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा आडवा धागा टाकतो आणि एअरजेट माग सहाशेहून अधिक वेळा. तेव्हा इतक्या वेगाला टिकणारा ताणा तयार करायचा तर ही सुधारणा आवश्यकच होती. खळ कमी लागली तर ती धुऊन काढताना नदीनाल्यांत जाणारी घाणही कमी होते.

या सुधारणांचे आम्ही स्वागत करतो. उकळत्या खळीजवळ माणसाला कमी वाकावे लागत असेल तर ते चांगलेच आहे. परंतु यंत्र कितीही सुधारले तरी खळ ८५ ते ९५ अंशांवर ठेवावीच लागते, सिलिंडर वाफेनेच तापवावे लागतात आणि बॉयलर पेटताच ठेवावा लागतो. मे महिन्यात आमच्याकडे सावलीत पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा दिवसांत पत्र्याच्या शेडखाली सिलिंडरजवळ पाळी काढणे म्हणजे काय, हे वातानुकूलित खोलीत धोरण लिहिणाऱ्याला कळणार नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहील आणि जादा तासांचा मोबदला मिळेल, असे सांगितले गेले. पण बारा तास उष्णतेत उभे राहिलेल्या शरीराला आठवड्याचा हिशेब समजावून सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. यंत्र सुधारले की माणसे कमी लागतात. समजा, एका सायझिंगमध्ये सर्व पाळ्या मिळून पंचवीस माणसे लागत होती आणि नव्या यंत्रावर बारा-चौदा पुरेशी झाली. मालकाची मजुरी वाचली, हे उघड आहे. पण आणखी काय वाचले? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या मूळ व्याख्येत विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत हा आकडा २० केला आहे. विजेविना चालणाऱ्या ठिकाणी तो २० वरून ४० झाला आहे. म्हणजे आमच्या उदाहरणातले सायझिंग जुन्या यंत्रावर कारखाना होते, नव्या यंत्रावर ते कारखानाच राहिले नाही! दहा कामगारांवरच्या आस्थापनेला संहितेची काही सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात, हे खरे. पण कारखाना म्हणून असलेला परवाना, नकाशाची मंजुरी, त्यानुसार होणारी तपासणी यांतून ते सुटले. वाफ तीच, उष्णता तीच, फिरणारे रोलर तेच, फक्त डोकी कमी झाली म्हणून संरक्षण कमी झाले. किंबहुना कमी माणसांवर जास्त जबाबदारी पडल्यामुळे एकेका माणसाचा धोका वाढला.

भविष्य निर्वाह निधीची अटही साधारणतः २० कर्मचाऱ्यांची आहे. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांना लागू होत, आता ५० ची अट आहे. एकाच छपराखाली दोन नावांच्या फर्म दाखवायच्या, वार्पिंग एकाच्या नावावर आणि सायझिंग दुसऱ्याच्या नावावर ठेवायचे, ही युक्ती तर जुनीच आहे. जी नवी पार्के उभी राहतील तेथे पहिल्या दिवसापासून कमी माणसांवर चालणारीच यंत्रे येतील. म्हणजे ही आस्थापने कायद्याच्या कक्षेतून बाहेर पडणार नाहीत, ती आत येणारच नाहीत.

याच ठिकाणी दुसरा एक कायदा पाहा. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा बॉयलर कायदा आला. जुना असो वा नवा, हा कायदा बॉयलरजवळ किती माणसे काम करतात हे विचारत नाही. तो बॉयलरची क्षमता आणि दाब विचारतो. ठरावीक मर्यादेवरच्या प्रत्येक बॉयलरची नोंदणी हवी, ठरावीक मुदतीने तपासणी हवी, प्रमाणपत्र हवे आणि तो हाताळायला पात्र माणूस हवा. बॉयलर एकटा असला तरी त्याला कायद्याचे संरक्षण आहे! आमचा सवाल साधा आहे. त्याच बॉयलरच्या वाफेवर तापलेल्या सिलिंडरजवळ जो माणूस उभा आहे, त्याला मात्र संरक्षण मिळण्यासाठी आणखी एकोणीस माणसे सोबत का आणावी लागतात? लोखंडाच्या टाकीला जे मिळते ते जिवंत माणसाला का मिळत नाही? १८८९ साली इंग्लंडच्या कायद्याने शेडमधली वाफ मोजली, कारण धोका वाफेत होता. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने कामाच्या न्याय्य व मानवीय परिस्थितीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. त्या अनुच्छेदात वीस माणसांची अट कुठेही नाही.

कोणी म्हणेल, यावर उपाय काय? उपाय कायद्यातच आहे. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ८५ ने कामगारांची संख्या कितीही असली तरी एखादे ठिकाण कारखाना म्हणून जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. नव्या संहितेतही जोखमीच्या कामाला संख्येची अट बाजूला ठेवून, अगदी एका कामगारासाठीसुद्धा, संरक्षण लागू करण्याची तरतूद आहे. प्रश्न आहे तो अधिकार वापरायला लावण्याचा. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, वाफेच्या बॉयलरवर चालणारे प्रत्येक सायझिंग, माणसे किती हे न पाहता, सुरक्षा आणि आरोग्याच्या सर्व तरतुदींखाली आणणारी अधिसूचना काढावी.

दुसरी मागणी अनुदानाची आहे. १९९९ पासून टफ योजनेतून आणि मार्च २०२२ पर्यंत तिच्या सुधारित रूपांतून कापड यंत्रांसाठी सरकारने पैसा दिला. सायझिंगची यंत्रेही त्यात होती. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातही भांडवली अनुदान आहे. हा पैसा जनतेचा आहे. यंत्राच्या बिलाची तपासणी होते, मग यंत्रावरच्या माणसाच्या नेमणूक पत्राची का होऊ नये? नव्या संहितेने नेमणूक पत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. तेव्हा नेमणूक पत्र, बँकेतून वेतन, किमान वेतन आणि शेडमधील तापमानाची नोंद या चार गोष्टी दाखवल्याशिवाय अनुदानाचा हप्ता देऊ नये. आमच्या तालुक्यातील मुले भिवंडी-सुरतेला जातात आणि हातपाय दुखावून परत येतात. तेव्हा त्यांच्याजवळ आपण अमुक ठिकाणी काम केले हे सिद्ध करणारा एक चिटोराही नसतो. कागद नसेल तर कोर्टात वकील काय करणार? मुलगा चालता येत नाही म्हणतो आणि मालक त्याला ओळखतच नाही म्हणतो.

तिसरी मागणी कामाच्या वाटपाची. विणाई खात्याची बंदी आज कोणी उघडपणे लिहिणार नाही. संविधानाने तो मार्ग बंद केला आहे. परंतु बीम चालवणारा सायझर, बॉयलर सांभाळणारा प्रमाणित कामगार, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारा तंत्रज्ञ बाहेरून येणार आणि राख काढणारा, पोती उचलणारा, झाडू मारणारा तेवढा आमच्या वस्तीतून घेणार, असे झाले तर तो जुन्याच धोट्याचा नवा अवतार ठरेल. ज्या पार्कला सरकारी जमीन आणि सरकारी पैसा मिळतो, तेथे प्रशिक्षणाच्या आणि कुशल कामाच्या जागांत अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्तांचा वाटा ठरवून दिला पाहिजे. त्यात बौद्ध, मातंग, चर्मकार, बंजारा, आदिवासी सर्व आले. पोहरादेवीच्या परिसरातले तांडे दरवर्षी ऊसतोडीला रिकामे होतात, त्यांच्या मुलांनाही हा हक्क आहे.

सरकारकडे मागणी करून स्वस्थ बसणे मात्र आपल्याला परवडणार नाही. इचलकरंजीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २०१५ साली तेथील सायझिंग कामगारांनी सुधारित किमान वेतनासाठी दीर्घ संप केला. सायझिंगमधली माणसे मागवाल्यांच्या तुलनेत मूठभर. पण ताण्याची बीमे बाहेर पडेनात तेव्हा यंत्रमागांना घरघर लागली आणि सगळ्या वस्त्रनगरीला या मूठभर माणसांची दखल घ्यावी लागली. संख्या कमी म्हणून कायदा त्यांना मोजत नसेल, पण त्यांच्याशिवाय कापड होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आता नव्या संहितेनुसार संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे संघटना आधीपासूनच बांधलेली असावी लागेल. ऐन वेळी जमवलेल्या गर्दीने काम भागणार नाही.

म्हणून मानोरा आणि परिसरातील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. बॉयलर अटेंडंटची परीक्षा राज्याच्या बाष्पके संचालनालयामार्फत होते. त्याचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाशिवाय बॉयलर चालवता येत नाही, मग मालक कोणत्याही जातीचा असो. या परीक्षेची माहिती काढा, पात्रतेचा अनुभव कोठे मिळेल ते शोधा. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना फिटर-इलेक्ट्रिशियनच्या पलीकडे कापड यंत्रांची माहिती मिळेल असे पाहा. १४ एप्रिलला गावोगावी वर्गणी जमते. त्यातला डीजेचा एक दिवसाचा खर्च बाजूला ठेवला तर काही मुलांच्या परीक्षेची फी, प्रवास आणि राहणे सहज भागेल. ज्यांनी कामाचे तास कमी केले त्यांच्या जयंतीचा यापेक्षा योग्य उपयोग आम्हाला दिसत नाही. सोबत प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. बाहेरगावी कामाला गेलेला मुलगा कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेपासून, किती मजुरीवर आहे, याची नोंद त्यात करा. कोर्टात ती वही पूर्ण पुरावा ठरणार नाही, पण तिच्यामुळे पुरावा शोधण्याची सुरुवात तरी करता येईल.

नांदगाव पेठेत उद्या सायझिंग सुरू होईल, बॉयलर पेटेल. बॉयलरवर क्रमांक कोरलेला असेल, त्याचे प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेले असेल. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव कोणत्या रजिस्टरात आहे, हे विचारायला आपण पहिल्याच दिवशी दारात गेले पाहिजे.